डावीकडची जागा

बार्शी रोडवरच्या सोनोग्राफीत
डॉक्टरांनी पोटावर थंडगार जेल लावून
तिसऱ्यांदा शोधलं.
श्वास धरा. सोडा. जरा कुशीवर वळा.
मग पंख्याकडं बघत म्हणाले,
अपेंडिक्सचं काही नाही,
पण डावी किडनी दिसत नाही.

आई चपला घालूनच आत आली :
काय बोलायलात डॉक्टर,
कोणी काढून घेतली का काय माझ्या लेकराची?

घरी तिनं कडी लावली,
ट्यूबलाइटखाली मला उताणं, मग पालथं निजवून
टाक्याची खूण शोधली.
एक तीळ सापडला,
आणि लहानपणी बाभळीचा काटा घुसला होता त्याचा व्रण.
तेवढ्यानं तिचं भागलं नाही.
रात्री भांडी विसळता विसळता
माझ्याकडं न बघता म्हणाली :
तुझ्या वेळी गिराण लागलं होतं,
अन् मी विळीवर कारलं चिरलं.
एकच. एवढंसं कारलं.

एकोणीस वर्षं ती एकटीच कामाला होती.
तक्रार नाही.
करणार कुणाकडं, शेजार रिकामा.
रिपोर्टात लिहिलं होतं : उजवी आकारानं थोडी मोठी.
घरात थोरलीला म्हणतात ना,
लवकर मोठी झाली,
तसं काहीसं.

तेव्हा मी डाळ मिलमध्ये हिशेब लिहायचे.
दिवसभर तूर फुटायची, एकाचे दोन, एकाचे दोन,
पिवळी धूळ वहीवर बसायची.
एखादा दाणा न फुटताच खाली यायचा.
त्याला गोटा म्हणतात.
कोंडाबाई ते वेचून बाजूला टाकायची,
पुन्हा मशिनीत घालायला.
मी त्यातला एक उचलून
पर्सच्या चोरकप्प्यात ठेवला.
अजून आहे.

स्थळ औशाचं. आईनं बजावलं होतं,
सांगायचं नाही, बाहेरून दिसायलंय का कुणाला?
मी पोह्यांच्या ताटल्या ठेवल्या आणि सांगितलं.
विश्वंभर बराच वेळ एक शेंगदाणा चावत राहिला.
मग म्हणाला,
माझ्या गाडीला पण आरसा एकच आहे.
चार वर्षं झाली.
त्याची आत्या उठून गेली.
तो बसून राहिला.

डॉक्टर म्हणतात, दिवसाला तीन लिटर.
नळ म्हणतो, दहा दिवसांनी.
मधले नऊ दिवस
मी निळ्या टिपाडात तांब्या बुडवताना
मनातल्या मनात भागाकार करते.
सासूबाईंनी एक घागर वेगळी काढलीय,
गळ्याशी लाल दोरा बांधून.
पाव्हणे आले तरी तिच्यातलं देत नाहीत.
बोलत काहीच नाहीत.
स्वतः घोट मोजून पितात, ते मी पाहिलंय,
म्हणून मला त्यांच्यासमोर
गटागटा पाणी प्यायची लाज वाटते.

डोकं दुखलं तर गोळी नाही, ओला रुमाल.
बसमध्ये कुणाचं कोपर लागेल म्हणून
उजवा हात आपोआप कमरेशी जातो.
कंडक्टरला वाटतं, पैसे तिथं खोचलेत.

पाचव्या महिन्यात पुन्हा तसंच टेबल, तेच जेल.
डॉक्टरीणबाई मोजत होत्या :
ही एक. आणि ही... ही दुसरी. दोन्ही आहेत.
विश्वंभरनं बाहेर जाऊन कुणाला तरी फोन लावला,
त्याचं मोठ्यानं हसणं आत ऐकू आलं.
मीही हसले. खरंच हसले.
पण आत कुठं तरी, बहुतेक डावीकडंच,
एक बारीक आवाज म्हणाला :
म्हणजे मी एकटीच.

काल रात्री अडीचला नळ आला.
गल्लीत मोटारी घरघरल्या, दारं वाजली.
पाइप आधी नुसती हवा खोकला,
मग गढूळ, ते नालीत सोडलं,
मग पाणी.
सासूबाई टिपाडाचं झाकण धरून उभ्या.
दहा दिवसांचं भरायचं होतं,
वेळ फार तर पाऊण तास.
मी ओंजळ लावली
आणि आधी प्यायले,
त्यांच्यासमोर,
पुरे म्हणेस्तोवर.